आभाळ आलं की आईचे सांधे

पत्र्यावर पहिला थेंब पडायच्या आधी आमच्या घरात पावसाची बातमी आईच्या गुडघ्यांकडून येते. “आक्का, दोरीवरची कापडं काढ गं. गुडघं बोलाय लागल्यात,” असं ती आतून ओरडते आणि मी ऑफिसची पिशवी खाली ठेवून अंगणात धावते. कधी पाऊस येतो, कधी आभाळ नुसतंच काळं होऊन दहिवडीकडे निघून जातं. पाऊस आला तर आई म्हणते, “बघ, म्हणलं नव्हतं?” आला नाही तर ती काहीच म्हणत नाही. तिच्या या काहीच न म्हणण्याकडे माझं लक्ष जायला फार वर्षं लागली. तोवर तिच्या दोन्ही हातांची बोटं वाकडी होऊन गेली होती.

वाचक बंधू-भगिनींनो, मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेली, एका पतसंस्थेत जमा-खर्च लिहिणारी क्लार्क आहे. संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतल्या बायांचे बचत गट, पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर सोबत जाणं, अशी कामं करते. त्यामुळे दुखणी खूप ऐकते. आणि सांधेदुखीचं दुखणं ऐकताना एक वाक्य हमखास येतं: “हवा बदलली की लागतंय.” या हवेनेच आमचं घर पाच वर्षं फसवलं, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं फलटण म्हणजे सातारा जिल्ह्याचा पावसाने वगळलेला कोपरा. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास. नीरा उजवा कालवा नसता तर इथे ऊस दिसला नसता. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, थंडीत पहाटे दहा-बारापर्यंत उतरतो. माझी मावशी दिली आहे मेढ्याकडे, जावळीत, जिथे जून ते सप्टेंबर भिंतीला ओल असते. दोघी बहिणींचे गुडघे दुखतात. मावशी म्हणते, “अक्का, तुझं बरं हाय, कोरडी हवा.” आई म्हणते, “कोरडी कसली, थंडीत हाडं फुटत्यात इथं.” दरवर्षी उन्हाळ्यात मावशी आमच्याकडे येते, तेव्हा दोघी बाजेवर बसून एकमेकींच्या गावच्या हवेला शिव्या देतात. ऐकायला मजा येते. पण या दोघींचा रोग एक नाही, हे आम्हाला कळलं ते २०११ साली.

आई तरुणपणी खुरपणीला जायची, ऊस लागणीला जायची, रात्रीच्या पाळीला कालव्याच्या पाण्यात गुडघाभर उभी राहायची. अण्णा साखर कारखान्यावर हंगामी कामगार होते. ते गेल्यावर तर तिने दिवस पाहिला नाही की रात्र. २००६ साली महाराष्ट्रात चिकनगुनियाची मोठी साथ आली, ती बऱ्याच जणांना आठवत असेल. गावंच्या गावं वाकून चालत होती. आईलाही ताप आला, सांधे धरले. ताप गेला, सांधे मात्र सुटले नाहीत. सगळे म्हणाले, चिकनगुनियाचं दुखणं मागे राहतंच, वर्षभरात जाईल. वर्षभराने म्हणाले, थंडी आहे म्हणून. मग पावसाळा आहे म्हणून. मग वय झालं म्हणून, आणि वय होतं अवघं बावन्न. प्रत्येक ऋतूने आमच्या आईच्या दुखण्याला एकेक कारण पुरवलं आणि आम्ही ते घेतलं. हवा हे फार सोयीचं कारण असतं. हवेवर औषध नाही, म्हणजे दवाखान्यात जायला नको. रजा नको, खर्च नको.

त्यात आठवडे बाजारात एक पुडीवाला भेटला. जडीबुटीची पुडी म्हणून तो काळपट भुकटी द्यायचा, सकाळी एक, संध्याकाळी एक. काय सांगू, तिसऱ्या दिवशी आई उठून घागर उचलायला लागली! आम्ही त्या माणसाला देवदूत समजलो, आम्ही, जे देव मानत नाही. चार-पाच महिन्यांत आईचं तोंड गोल गरगरीत झालं. बायका म्हणायच्या, “तब्येत सुधारली हो तुमच्या आईची.” पुडी संपली की आठ दिवसांत दुखणं दुपटीने यायचं. पुढे रक्तातली साखर वाढली, कातडी पातळ झाली, नुसतं टेबलाला लागलं तरी निळं पडायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी तोंडाकडे पाहूनच विचारलं, “पुडी घेता का?” अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. सूज झटकन उतरवतं, आणि आतून हाडं, साखर, सगळं बिघडवतं. अशी पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. आईला त्यातून बाहेर यायला सहा महिने लागले.

पुण्याला आम्ही लोणंद, जेजुरी, सासवड अशा एस.टी.ने गेलो. डॉक्टरांनी आईचे हात हातात घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?” आई म्हणाली, “धा वाजत्यात. तवर वेणी बी घालता येत न्हाय.” ती पाचला उठते. म्हणजे पाच तास! आम्ही इतकी वर्षं दुखतं किती एवढंच विचारत होतो, किती वेळ हे कधी विचारलं नव्हतं. गुडघ्याची कूर्चा झिजून जे दुखणं होतं, जे मावशीचं आहे, त्यात सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो, आणि दिवसभर चालून-उठून दुखणं वाढत जातं. आईचा होता आमवात. यात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच उलटून सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. ताठरपणा तास-दोन तास, कधी त्याहून जास्त टिकतो, दोन्ही हातांचे सारखेच सांधे सुजतात, आणि औषध वेळेवर सुरू झालं नाही तर सांधा खाऊन टाकला जातो. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही महिन्यांत आला असता तर बोटं वाचली असती. ते रागावून म्हणाले नाहीत, तरी मी बाहेर येऊन जिन्यात रडले.

आणखी एक सांगते. आमच्या वस्तीतले म्हातारे म्हणतात, बाबासाहेबांचेही पाय फार दुखायचे. खरं आहे. पण त्यांना मधुमेह होता, आणि शेवटच्या वर्षांत पायांच्या नसांच्या वेदनेने त्यांना झोप लागत नसे. नसांचं दुखणं वेगळं, कूर्चेचं वेगळं, आमवाताचं वेगळं, आणि युरिक आम्ल साठून अंगठा रातोरात लाल होतो ते आणखी वेगळं. आपण सगळ्यांना एकच नाव देतो, वात, आणि सगळ्यांना एकच कारण देतो, हवा.

भिगवण आमच्यापासून फार लांब नाही, बारामती ओलांडली की आलंच. तिथे १९९६ साली पुण्याच्या डॉक्टर अरविंद चोप्रा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघर सांधेदुखीची मोजणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चाललेलं हे काम होतं. चार हजारांच्या वर प्रौढ माणसांना विचारलं, तपासलं. दर शंभरांत अठरा जणांना हाडा-सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं निघालं. आमवात निघाला दोनशे माणसांत एकाला. दोनशेत एक म्हणजे थोडे वाटतात. पण आमच्या वस्तीत हजारभर प्रौढ असतील, त्यात हिशेबाने पाच जण. मी आई धरून तिघींना ओळखते. मग बाकीचे दोन कोण, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. ते कुठेतरी “हवा बदलली” म्हणत बसले असतील.

औषध सुरू झालं, आई बरीच सावरली. तरी आभाळ आलं की दुखणं चालूच. तेव्हा मी ठरवलं की आपल्याला जे येतं ते करू, म्हणजे वही लिहू. दोन-अडीचशे रुपयांत घरातलं तापमान आणि हवेतला दमटपणा दाखवणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते आणून आईच्या खाटेजवळ खिळ्याला टांगलं. २०२२ च्या जूनपासून २०२३ च्या मेअखेर रोज सकाळी सहाला मी कॅशबुकसारखे रकाने लिहिले: तापमान, दमटपणा, आभाळ की ऊन, पाऊस पडला की नाही, बोटं किती वाजता मोकळी झाली, आणि दुखणं दहापैकी किती. आईला आकडा द्यायला सांगितलं की ती आधी आभाळाकडे बघायची! म्हणून नियम केला, दार उघडायच्या आधी आकडा. शेवटचा रकाना होता आदल्या दिवशी काय काम केलं त्याचा. तो मी सहज घातला होता.

वर्षाने बेरजा मारल्या तेव्हा मीच चकित झाले. पावसाच्या दिवसांचा आणि बिनपावसाच्या दिवसांचा दुखण्याचा आकडा जवळजवळ सारखा. जुलैमध्ये झड लागली होती त्या आठवड्यात आई चांगली होती. सगळ्यात वाईट दिवस निघाले ते डिसेंबर-जानेवारीतले, पाऊस नसलेले, आभाळ निरभ्र असलेले, जेव्हा खाटेजवळ तापमान चौदा-पंधरावर आलं होतं. आणि त्याहूनही वाईट निघाले पाच-सहा दिवस, ज्यांच्या आदल्या दिवशी तिने गोधड्या धुतल्या होत्या किंवा लग्नात दिवसभर उभी राहिली होती. मी आईला वही दाखवली. तिने आकडे बघितले, वाचता येत नाही तरी बघितले, आणि म्हणाली, “तुझी वही खोटं बोलती.”

एका घरची वही म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला कळतं. म्हणून जगात कोणी हे मोजलंय का ते शोधलं. पुष्कळांनी मोजलंय, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. अमेरिकेत १९६० च्या सुमारास डॉक्टर हॉलंडर यांनी रुग्णांना एका बंद खोलीत ठेवून तिथली हवा यंत्राने बदलली. नुसता दमटपणा वाढवून किंवा नुसता हवेचा दाब उतरवून फारसं काही झालं नाही. दमटपणा वाढत असताना दाब उतरला, म्हणजे पावसाआधी होतं तसं केलं, तेव्हा बऱ्याच जणांचे सांधे दुखले. मग १९९६ साली रेडेलमायर आणि ट्व्हर्स्की या दोघांनी आमवाताच्या अठरा रुग्णांना पंधरा महिने पाहिलं. बहुतेकांना खात्री होती की हवेने दुखतं, पण हवेच्या नोंदी आणि दुखण्याच्या नोंदी यांचा मेळ बसला नाही. त्यांचं म्हणणं असं की माणूस जुळलेले दिवस लक्षात ठेवतो आणि न जुळलेले विसरतो. हे वाचलं तेव्हा मला आईचं ते काहीच न म्हणणं आठवलं. २०१७ साली अमेरिकेतल्या वयस्क लोकांच्या एक कोटीहून जास्त डॉक्टरभेटी पावसाच्या नोंदींशी लावून पाहिल्या, तिथेही पावसाच्या दिवशी सांधेदुखीवाले जास्त आले असं दिसलं नाही.

मग आई खोटं बोलते का? तसंही नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाने हजारो दुखणेकऱ्यांकडून मोबाइलवर रोजच्या नोंदी घेतल्या आणि २०१९ साली निकाल सांगितला. अडीच हजारांवर लोकांच्या नोंदींत दमट, कमी दाबाच्या, वाऱ्याच्या दिवशी दुखणं थोडं जास्त निघालं. सगळ्यात वाईट हवेच्या दिवशी दुखण्याची शक्यता साधारण वीस टक्क्यांनी वाढत होती. म्हणजे महिन्यात पाच दिवस दुखत असेल तर सगळा महिना तशी हवा धरली तरी सहा दिवस. युरोपातल्या सहा देशांतल्या गुडघे-खुबे झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांवर २०१५ साली जे काम झालं त्यात असं दिसलं की दमटपणाचा त्रास गारठ्यात जास्त जाणवतो. सगळं मिळून मला कळलं ते एवढं: हवा सांध्याचा रोग आणत नाही, असलेल्या दुखण्याला थोडा धक्का देते, कोणाला जास्त, कोणाला अजिबात नाही. गारठ्यात स्नायू आखडतात, बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, सांध्यातलं वंगण घट्ट होतं, आणि मुख्य म्हणजे माणूस हलत नाही. पांघरुणात पडून राहिलं की सांधा आणखी ताठतो.

यातली एक गोष्ट घराच्या दृष्टीने महत्त्वाची वाटली. हवेचा दाब दार बंद करून बदलत नाही. बाहेर जेवढा, तेवढाच आत. त्याचं आपण काही करू शकत नाही. दमटपणाचं थोडं करता येतं. पण ऊब आपल्या हातात आहे. आणि आपल्या लोकांची घरं ऊब कुठे धरून ठेवतात? आमचं घर पत्र्याचं. मे महिन्यात दुपारी भट्टी, आणि थंडीत निरभ्र रात्री पत्रा आपली सगळी ऊब आभाळाला देऊन टाकतो, बाहेरच्या हवेहूनही गार होतो. पहाटे श्वासाची, स्वयंपाकाची वाफ आतून पत्र्याला थंड होऊन थेंब पडतात. लहानपणी आम्हाला वाटायचं, छप्पर गळतंय. खाली शहाबादी फरशी, तीही बर्फ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांबद्दल जे सांगितलं त्यात थंडीच्या दिवसांत घरात निदान अठरा अंश असावं असं धरलं आहे. ते थंड देशांकडे बघून सांगितलेलं आहे, तरी आमची खाट चौदावर होती हे विसरता येत नाही. सांधेदुखीचा नकाशा काढला तर तो हवामान खात्याच्या नकाशापेक्षा घराच्या छपरांच्या नकाशाशी जास्त जुळेल असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, कोणी मोजलेलं नाही.

आम्ही काय केलं ते सांगते, मोठा खर्च काहीच नव्हता. खाट बाहेरच्या भिंतीपासून दीड हात आत ओढली. पत्र्याच्या खाली निम्म्या खोलीपुरतं पातळ शीटचं आढं मारलं, मधे हवा राहिली, तेवढ्याने पहाटे दोन-अडीच अंश फरक पडला, वहीत आहे. फरशीवर सतरंजी, पायात मोजे. आई मोजे घालायला तयार नव्हती, “मी काय शाळंत जाती व्हय?” म्हणाली. उठायच्या आधी पांघरुणातच दहा मिनिटं मुठी उघड-मीट, घोटे फिरवणं. मग कोमट पाण्याच्या पातेल्यात हात. आधी हात मोकळे, मग चहा. या पाण्याने सकाळचा वेळ जितका कमी झाला तितका दुसऱ्या कशाने झाला नाही. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तेव्हा मात्र शेक नको, तेव्हा गार पट्टी बरी. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. धुरापेक्षा वाईट वायू त्यातून निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपेत माणूस जातो.

उन्हाळ्याचंही ऐका. लोक समजतात उन्हाळा सांध्यांना चांगला. आईचं दुखणं एप्रिलमध्ये कमी असतं खरं, पण रात्रभर झोप नाही म्हणून थकवा येतो. भाऊ कूलर घेऊन आला आणि हौसेने तिच्या पायांवर सोडला. तिसऱ्या दिवशी गुडघे धरले. कूलर म्हणजे गार आणि ओला वारा, डिसेंबर आणि जुलै एकत्र! आता कूलर दाराकडे तोंड करून असतो, खिडकी उघडी असते. पत्र्याला बाहेरून चुना मारला, त्याचाही उपयोग झाला. युरिक आम्लाचा त्रास असणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये, घाम जाऊन ते दुखणं उसळतं.

औषधाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमवाताला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी फार चालते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच! आईच्या पाकिटावर एका दुकानातून चुकून “रोज एक” असं लिहून आलं होतं. माझी नजर गेली म्हणून वाचली. ती गोळी रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी उतरतात, माणूस दगावतो. आमच्याकडे तिचा वार रविवार, वाचता न येणाऱ्या आईसाठी त्या डबीला मी निळा दोरा बांधला आहे. दुसरी फॉलिक आम्लाची गोळी असते ती डॉक्टर सांगतील त्या दिवशी. मधून मधून रक्त तपासायचं. आभाळ कोरडं झालं, दुखणं राहिलं म्हणून गोळी सोडायची नाही. आई दोनदा सोडून बसली होती, दोन्ही वेळा फेब्रुवारीत.

आता विहारातली गोष्ट. आपला वर्षावास नेमका पावसात येतो. आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन. आई पूर्वी पहिल्या रांगेत असायची. नंतर भिंतीला टेकून बसू लागली, मग दारात उभी राहू लागली, मग आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, “बसता येतंय तर उठता येत न्हाय. चौघीत ओढून उठवत्यात, लाज वाटती.” मी मोजलं तर अशा अकरा बाया घरी बसल्या होत्या. गार फरशी, ओले पाय, मांडी घालून दीड तास. कमिटीपुढे मी चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवायचा विषय काढला. आमचे नाना, ज्यांनी हा विहार स्वतः विटा वाहून बांधला, म्हणाले, “बुद्धासमोर खुर्चीवर पाय सोडून बसायचं? आमच्या हयातीत न्हाय.” नानांचा मान मोठा. कोणी बोललं नाही.

मी घरी येऊन शोधत बसले. संयुत्त निकायात जरासुत्त म्हणून एक लहानसं सुत्त आहे. श्रावस्तीला, विशाखेने बांधून दिलेल्या पूर्वारामात, संध्याकाळी भगवान बुद्ध मावळत्या उन्हाकडे पाठ करून पाठ शेकत बसलेले असतात. आनंद येतो, त्यांचे हातपाय चोळू लागतो, आणि त्याच्या लक्षात येतं की शास्त्याची कातडी सैल झाली आहे, शरीर पुढे वाकलं आहे. तो ते बोलून दाखवतो. बुद्ध नाकारत नाहीत, असंच असतं म्हणतात. दुसऱ्या ठिकाणी, सेखसुत्तात, उपदेश चालू असताना ते आनंदाला म्हणतात की तू पुढचं सांग, माझी पाठ दुखते आहे, मी पडतो. विनयात तर सांधेदुखीचाच उल्लेख आहे. पिलिन्दवच्छ नावाच्या भिक्खूला अंगात वात आला तेव्हा बुद्धांनी शेक आणि घाम काढण्याचे उपचार करायला परवानगी दिली, पुढे त्याला सांध्यांचा वात झाला त्यावरही उपचार सांगितला. आणि जीवक वैद्याच्या सांगण्यावरून भिक्खूंसाठी चालण्याचा चौथरा आणि अंग शेकण्याची गरम खोली, जन्ताघर, यांना मान्यता दिली. अडीच हजार वर्षांपूर्वी! चालणं आणि ऊब. पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला शेवटी तेच सांगितलं होतं, वर गोळ्या.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर मी हे सगळं नीट सांगितलं. वाद घातला नाही, नुसतं सांगितलं. नाना डोळे मिटून ऐकत होते. उठताना म्हणाले, “पाठीला ऊन घेत बसलं व्हतं व्हय?” आणि निघून गेले. त्या आठवड्यात खुर्च्या आल्या, कोणी आणल्या ते मला आजही नक्की माहीत नाही. नाना स्वतः अजून फरशीवरच बसतात, उठताना खांब धरतात. त्यांच्या घरच्या आजी मात्र खुर्चीवर बसतात. अकरापैकी आठ बाया परत आल्या, आई त्यांत आहे.

मागच्या वर्षी आमच्या पतसंस्थेत ए.सी. बसला. त्याचा झोत सरळ माझ्या टेबलावर येतो. दिवाळीनंतर माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सकाळी धरू लागली. पहिला विचार काय आला असेल? ए.सी.मुळे! दोन दिवस मी हेच धरून चालले, सहकारी भगिनीला म्हणालेसुद्धा की हवा लागतेय. तिसऱ्या दिवशी पहाटे बोटं उघडता उघडता माझं मलाच हसू आलं आणि मग भीती वाटली, कारण आमवात घराण्यातून येऊ शकतो. साहेबांना सांगून टेबल दुसऱ्या बाजूला घेतलं, हातात अर्धे मोजे घालते, पोरं हसतात. पण तेवढ्यावर थांबले नाही. बोटं मोकळी व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, सूज दिसत नाही. तरी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, त्या पुढच्या शनिवारी आहेत. दिवस मोजले तर पहिल्या दुखण्यापासून दवाखान्यापर्यंत एकोणीस. आईच्या बाबतीत पाच वर्षं.

आईला हे सांगितलं नव्हतं, तिने वहीवरून ओळखलं. आकडे वाचता येत नाहीत, पण रकाने मोजता येतात. काल म्हणाली, “ह्यो एक रकाना जास्तीचा कुणाचा गं?”